स्नोमोबाईलच्या एक्झॉस्टची पॅकिंगं: प्रकल्प नोंदी, पुणे

काम: गुलमर्गला पर्यटकांसाठी चालणाऱ्या एका स्नोमोबाईलचं इंजिन. ५५० सीसी वर्गातलं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पंख्याच्या हवेवर गार होणारं. सीझन संपल्यावर इंजिन, त्याखालची माउंटिंग प्लेट, वाय आकाराचा मॅनिफोल्ड (दोन्ही सिलिंडरचा एक्झॉस्ट एकत्र आणणारा नळ), ट्यून्ड पाईप (त्यापुढची ठरावीक आकाराची एक्झॉस्ट नळी) आणि सायलेन्सर एवढंच क्रेटमधून पुण्याला आलंय. चॅसी, ट्रॅक आणि स्की तिकडेच. तक्रार अशी की मॅनिफोल्डची पॅकिंगं (जोडातून गॅस गळू नये म्हणून मध्ये दाबून बसवलेली गास्केटं) मागच्या सीझनआधी नवी टाकली होती, ती सीझन संपायच्या आत फुंकली. म्हणजे नुसती नवी टाकून भागणार नाही. ती का जळतात ते आधी सापडायला हवं.

६ मे

क्रेट उघडल्यावर आधी फोटो, मग फडकं. काजळी पुसली की निम्मी माहिती गेली.

इंजिनाच्या एका टोकाला क्लच, दुसऱ्या टोकाला वीज करणारा मॅग्नेट; सिलिंडरची नावंही त्यावरूनच. क्लच बाजूच्या पोर्टखाली (सिलिंडरमधून एक्झॉस्ट बाहेर पडायचं तोंड) कोरडी राखाडी खूण, एका जागेतून फाकत गेलेली. मॅग्नेट बाजूला ओलसर काळा ओघळ. दोन्हींचा अर्थ वेगळा. ओला ओघळ म्हणजे गार इंजिनात न जळलेलं ऑइल फटीतून झिरपतंय, आणि गरम झाल्यावर ती फट बहुतेक मिटते. कोरडी राखाडी खूण म्हणजे पूर्ण तापलेल्या इंजिनातून गॅस जोरात बाहेर येतोय. खरा गुन्हेगार क्लच बाजूला.

वाय मॅनिफोल्ड आणि ट्यून्ड पाईप यांच्यामधल्या डोनटभोवतीही (कड्यासारखं गोल सील) काजळी आहे, पण सगळीकडून सारखी. असा जोड गार असताना थोडा सुटतोच. एकाच बाजूला पट्टा दिसला तर मात्र पाईप तिरका बसलाय असं समजायचं.

पंख्यावरच्या गाडीत ही गळती नुसत्या आवाजापुरती राहत नाही. पंखा हुडखालचीच हवा ओढतो. तिथे एक्झॉस्ट शिरला की गार करायला गरम हवा मिळते, आणि एअरबॉक्सनं (इंजिनाला हवा पुरवणारा डबा) तोच धूर ओढला तर ऑक्सिजन कमी पडून इंजिन दमतं. शिवाय ट्यून्ड पाईपमधून परत येणारी दाबाची लाट पोर्टशी पोचायच्या आत गळते, त्यामुळे ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकललं जात नाही. वरच्या आरपीएमला ताकद उतरते, क्लच त्याच्या ठरल्या आरपीएमला पोचत नाही, आणि चालवणारा म्हणतो, ‘बेल्ट घसरतोय.’ बेल्ट म्हणजे इंजिनावरच्या आणि ट्रॅककडच्या अशा दोन क्लचमधला पट्टा. मालकानं तो बदलला होताच.

८ मे

पाईपचे जोड धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा आधी. टी-हँडलला हूक वेल्ड केलेला ओढणा वापरला. पक्कडीनं ओढायच्या भानगडीत पडू नये. स्प्रिंग सुटली तर थेट तोंडावर येते. गॉगल घालूनच. स्प्रिंगेच्या हुकाचं तोंड कुठल्या दिशेला होतं याचाही फोटो काढून ठेवला.

मॅनिफोल्डचे नट एम८. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ठेवलं, सकाळी हॉट एअर गननं स्टडभोवतीचं (ज्यावर नट बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) ॲल्युमिनियम हाताला सोसवणार नाही इतपत तापवलं. गॅस टॉर्च नाही. बॅरल (सिलिंडरचं बाहेरचं अंग) एका जागी जास्त तापलं तर पोर्टचा चेहराच, म्हणजे पॅकिंग टेकायची सपाट बाजूच, वाकते. नट सोडताना थोडा उलटा, थोडा सुलटा. क्लच बाजूचा खालचा स्टड नटासकट बाहेर आला, आट्यांना ॲल्युमिनियमचं कीस चिकटलेलं. भोकाचे आटे गेलेत.

स्टड मोडलाच असता तर क्रम असा: मोडक्या टोकावर नट ठेवून टिगनं आतून वेल्ड, पूर्ण गार झाल्यावर पान्यानं हळू सोडणं. तेवढ्यानं नाही जमलं तर लेफ्ट-हँड ड्रिल (उलटं फिरणारं). एम८ स्टडमध्ये ईझी-आउट (मोडका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) ठोकू नये. ते आत तुटलं की त्या पोलादावर साधं ड्रिल चालत नाही आणि कामाचा खर्च दुप्पट होतो.

९ मे

जुनी पॅकिंगं. क्लच बाजूच्या पॅकिंगचा खालचा भाग पोर्टपासून बाहेरच्या कडेपर्यंत खाल्लाय, आतला पोलादी पत्रा उघडा. वरच्या बाजूला तेच पॅकिंग जवळजवळ नव्यासारखं जाड. दाब वर-खाली सारखा नव्हता याची ही सरळ पावती. मॅग्नेट बाजूचं सगळीकडे सारखं दबलेलं.

जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं असंच धरून चालायचं. पाणी फवारून ओलं केलं, पितळी स्क्रेपरनं काढलं, चिखल पिशवीत बांधला. एअर गन नाही, कोरडा एमरी नाही. ॲल्युमिनियमच्या चेहऱ्यावर तारेचा ब्रश लावलेलं ग्राइंडर तर अजिबात नाही. चेहरा चमकतो खरा, पण मध्ये खड्डा पडतो.

पोर्टातला कार्बन लाकडी पट्टीनं. पिस्टन वर आणून त्याच्या स्कर्टनं (खालच्या भागानं) पोर्ट झाकला, म्हणजे खपल्या आत पडत नाहीत.

१२ मे

मोजमापाचा दिवस, आणि या कामातला खरा दिवस हाच.

मॅनिफोल्ड सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटा) ठेवला. दोन फ्लँज (बॅरलला आवळायचे सपाट कान), दोन्ही एका सपाटीत हव्यात. मॅग्नेट बाजूच्या फ्लँजखाली ०.०५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) जात नाही. क्लच बाजूच्या खालच्या कडेला ०.३५ सहज जातं. ०.१ मिमीपर्यंतचा फरक पॅकिंग सांभाळून घेतं, ०.३५ नाही.

सोपा उपाय म्हणजे फ्लँज घासून सपाट करणं, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण पोर्टांचे चेहरेही एका रेषेत आहेत का? दोन्ही पोर्टांवर आडवी सरळ पट्टी धरली तर क्लच बाजूचं बॅरल किंचित वळलेलं. एका कडेला ०.२५ मिमी उजेड.

कारण उघड आहे. या इंजिनात दोन बॅरलं स्वतंत्र, आणि हेड व बॅरल एकाच लांब स्टडांवर क्रँककेसला आवळलेले. बॅरलच्या भोकात स्टडाला थोडी मोकळीक असते, त्यामुळे नट ढिले असताना बॅरल जरासं फिरतं. मागे कधी पिस्टन-रिंगांचं काम झालं तेव्हा हेडचे नट आधी पूर्ण आवळले गेले आणि मॅनिफोल्ड नंतर चढवला. मग त्या चार एम८ नटांना पॅकिंग दाबण्याऐवजी वळलेलं बॅरल ओढून सरळ करायचं काम लागलं. बॅरल काही हललं नाही. मॅनिफोल्ड वाकला, स्टडाचे आटे ताणले गेले आणि पॅकिंग एका बाजूला सैल राहिलं. वाकलेला फ्लँज, गेलेले आटे, अर्धं जळलेलं पॅकिंग, तिन्हींचं मूळ तेच.

म्हणजे वरचं काम उघडायलाच हवं. मालकाला फोन केला. बेस पॅकिंगं (बॅरलखालची) आणि हेडचे सील डोनटबरोबरच मागवायला सांगितले. मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि स्प्रिंगा इथे करता येतील; हे तीन नग मूळ मापाचेच हवेत.

१४ मे

आट्यांची दुरुस्ती. एम८ × १.२५ चं हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं), लांबी १२ मिमी. ८.३ मिमी ड्रिल, मग हेलिकॉइलचा खास टॅप. हातात ड्रिल धरून हे काम करू नये. भोक एक अंश तिरकं गेलं की नट फ्लँजवर एका कडेनंच टेकतो आणि पुन्हा तीच रड. लेथवर ठोकळा करून घेतला: ८.३ चं सरळ भोक, शेजारच्या चांगल्या स्टडवर बसणारी कान-पट्टी. ठोकळा पोर्टच्या चेहऱ्याला टेकवून ड्रिल. पोर्टमध्ये ग्रीस लावलेली चिंधी, पिस्टन वर. कीस ग्रीसला चिकटतो, चिंधी एकदम बाहेर काढायची.

हेलिकॉइल चेहऱ्यापासून अर्धा आटा खाली. टँग (हेलिकॉइल फिरवून बसवायची टोकाची आडवी तार) तोडून बाहेर काढली. ती आत राहिली तर स्टड तळाला पोचत नाही.

चारही स्टड नवे टाकले. जुने चांगले दिसत होते, पण ताणलेला स्टड बाजूला नव्या नटानं फिरवून पाहिला की मध्येच अडतो. दोन अडले.

१९ मे

भोसरीत सरफेस ग्राइंडिंग. मॅनिफोल्डचे दोन्ही फ्लँज एकाच सेटिंगमध्ये घ्यायला सांगितले. वेगवेगळे घेतले तर दोन्ही सपाट येतील, पण एकमेकांच्या सपाटीत येतीलच असं नाही. कारागिराला हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर चित्र काढून द्यावं. क्लॅम्प फ्लँजवर न लावता पाईपखाली आधार देऊन. वाकवून पकडलेला मॅनिफोल्ड ग्राइंडिंगनंतर सोडला की परत उसळतो. ०.४ मिमी निघालं. फ्लँज ९ मिमी जाड आहे, चिंता नाही.

परत आल्यावर प्लेटवर ताडून पाहिलं: ०.०५ कुठेही जात नाही.

२६ मे

पॅकिंग कशाचं करायचं यावर थोडं सविस्तर.

नाना पेठेत टू-स्ट्रोकची तयार पॅकिंगं ढिगानं मिळतात, पण ती शंभर सीसीच्या मापाची. शीट मात्र मिळते. पर्याय तीन.

साधी नॉन-ॲस्बेस्टॉस फायबर शीट: स्वस्त, कात्रीनं कापता येते, पण त्यातला रबराचा बाइंडर एक्झॉस्टच्या उष्णतेत जळतो. जाडी बसते, नट ढिले होतात. केसिंगवर ठीक, इथे नाही.

तांब्याचा पत्रा, १ मिमी: चेहरे सपाट असतील तर उत्तम. पत्रा तांबट आळीत मिळून जातो. लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाकला की मऊ होतो, आणि काढल्यावर पुन्हा तापवून पुन्हा वापरता येतो. अडचण अशी की तांब्याला दाब जास्त लागतो, आणि आमच्याकडे एका स्टडाखाली हेलिकॉइल आहे.

ग्रॅफाइट शीट, आत दातेरी स्टेनलेसचा पत्रा, १.५ मिमी: कमी दाबात बसते, लहान ओरखडे भरून काढते, उष्णतेत बाइंडर जळण्याचा प्रश्नच नाही. हीच घेतली. मर्यादा एक: हवा लागत असेल तर साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या पुढे ग्रॅफाइट झिजायला लागतं. बॅरलचा चेहरा त्याहून बराच गार राहतो, पण पॅकिंगची कड पोर्टमध्ये डोकावत असेल तर ती थेट गॅसमध्ये जळते आणि तिथूनच खायला सुरुवात होते. म्हणून पॅकिंगचं भोक पोर्टपेक्षा १ मिमी मोठ्या व्यासाचं, स्टडाची भोकं ८.५. कापणी वॉटरजेटवर. कात्रीनं कापलं तर स्टेनलेसचे दाते कडेला उभे राहतात आणि तेवढ्यात फट पडते.

दोन पॅकिंगं एकावर एक टाकून फट भरायची सवय फार दिसते. दुप्पट जाडी म्हणजे दुप्पट बसणं. पहिल्या तापण्यातच नटांचा ताण जातो.

सिलिकॉनही नाही. मॅनिफोल्डच्या चेहऱ्यावर ते जळून भुसा होतं, आणि आत पिळून गेलेला तुकडा पाईपमध्ये फिरत राहतो.

२ जून

माउंटिंगची रबरं. प्लेटखालची चार, क्लच बाजूचं पुढचं अर्धं फाटलेलं. बेल्टचा ताण इंजिनाला क्लच बाजूनं मागे खेचतो, म्हणून तेच आधी जातं. इंजिन दर थ्रॉटलला वळणार आणि पाईप मात्र चॅसीला लटकलेला; मधल्या डोनटला आणि स्प्रिंगांना ते सगळं झेलावं लागतं. चारही नवी करून घेतली, पिंपरीच्या एका रबर मोल्डिंगवाल्याकडे.

इथे माप जुळणं पुरेसं नाही, शोअर कडकपणा (रबराच्या कडकपणाचं माप) जुन्या न फाटलेल्या रबरावर मोजून तोच मागितला. मऊ रबर आलं तर दोन क्लचमधलं अंतर चालताना बदलतं. आणि रबर नैसर्गिक हवं. पुण्यात ऑइलची भीती म्हणून सवयीनं नायट्राइल देतात. ते थंडीत आधी कडक होतं. गुलमर्गला पहाटे रबर दगडासारखं झालं तर सगळी थरथर मॅनिफोल्डवर. नैसर्गिक रबराला ऑइल खपत नाही हे खरं, तर ऑइल सांडलं की पुसावं.

स्प्रिंगा: चारपैकी दोन निळ्या पडलेल्या आणि गार असतानाही वेटोळ्यांमध्ये फट. पाणी, म्हणजे ताण धरायची ताकद, गेलेली स्प्रिंग. इथे करून घेताना तारेचं नाव स्पष्ट सांगायचं. साधी पियानो वायर सुमारे १२० अंशांच्या पुढे ढिली पडते. ३०२ स्टेनलेस साधारण २८० पर्यंत टिकते. ती सांगितली, तार २ मिमी.

९ जून

डोनट, बेस पॅकिंगं, सील आले. बाहेर पाऊस सुरू झालाय. ग्राइंड केलेल्या चेहऱ्यांवर रात्रीत गंज चढतो, त्यामुळे ऑइलचा हात देऊन प्लास्टिकमध्ये ठेवले होते. बसवण्याआधी ॲसिटोननं स्वच्छ.

बॅरलं उचलली, बेस पॅकिंगं बदलली. बोअर, रिंगा ठीक आहेत.

आता क्रम. हेड चढवून नट फक्त बोटानं. दोन्ही एक्झॉस्ट पोर्टांवर पॅकिंगशिवाय एक जाड सरळ पोलादी पट्टी स्टडांवर चढवून चारही नट आवळले. दोन्ही बॅरलं पट्टीला टेकून आपोआप एका रेषेत येतात. मग हेडचे नट, आडव्या क्रमानं, १०, १६ आणि शेवटी २२ न्यूटन-मीटर. पट्टी काढून पुन्हा उजेड पाहिला: दिसत नाही. पट्टी नसेल तर मॅनिफोल्ड वापरता येतो, पण तो सपाट असल्याची खात्री झाल्यावरच.

स्क्विश (पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली फट) सोल्डर वायरनं: १.३० आणि १.३५ मिमी. चालेल.

मॅनिफोल्ड: पॅकिंग कोरडं, दोन्ही बाजूंना काही न लावता. स्टडाच्या बाहेरच्या आट्यांना निकेलचं अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम), अगदी थोडं. मॅन्युअलचा आकडा २२ न्यूटन-मीटर, कोरड्या आट्यांचा. अँटीसीझ लावल्यावर तोच आकडा ओढला तर स्टडवर ताण बराच जास्त जातो, म्हणून १८. आतले दोन नट आधी, मग बाहेरचे, तीन टप्प्यांत.

११ जून

दाबाची चाचणी. इनटेक बंद, मॅनिफोल्डच्या तोंडात रबरी बूच, प्लग जागेवर. पंप म्हणून रक्तदाब मोजायच्या यंत्राचा बल्ब आणि डायल. ३०० मिमी पारा म्हणजे ०.४ बार, या कामाला नेमका तेवढाच दाब लागतो. त्याहून जास्त नको, क्रँकचे सील उलटतात. एक पिस्टन खाली असतो तेव्हा दुसरा वर, म्हणून क्रँक अर्धा फेरा फिरवून दोन्ही बाजू तपासल्या. मिनिटाला ५० मिमीपर्यंतचा उतार चालतो. आमचा दोन्हीकडे २० च्या आत. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे मॅनिफोल्डवर कुठेच नाहीत.

१३ जून

बाकावर चालवून पाहणं. यात पुण्याची अडचण वेगळी आहे.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, पुणे ५६० वर. उणे १० अंशांची थंडी धरली तरी तिथली हवा आपल्या ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण १०–१२ टक्के विरळ. तिथल्या जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) इंजिन इथे लीन, म्हणजे हवेच्या मानानं कमी पेट्रोलवर, चालणार. त्यात पंख्याला इथे थंड हवा मिळत नाही. म्हणून आयडलच्या जरा वर, तीन-चार मिनिटं, बस. फुल थ्रॉटलचा मोह टाळायचा.

बेल्ट नसताना प्रायमरी क्लच (इंजिनावरचा) लावून इंजिन फिरवू नये. त्याची सरकती चकती भार नसताना आपटते. क्लच काढून ठेवला. ऑइल पंपाच्या नळ्या प्रवासात रिकाम्या झाल्यात, त्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल: लिटरला २५ मिली, म्हणजे ४० ला १. शेडची तिन्ही दारं उघडी.

पाईप जोडताना डोनट कोरडं. स्प्रिंगा सर्वांत शेवटी; जोड आधी हातानं हलवून आपला कोन शोधू द्यायचा. प्रत्येक स्प्रिंगच्या अंगावर लांबीला उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनची एक रेघ. थरथर मरते आणि हूक तुटायचे वाचतात. सिलिकॉनची या कामातली जागा एवढीच. शिवाय आतून सेफ्टी वायरचा सैल फास, तुटलेली स्प्रिंग पंख्यात किंवा क्लचमध्ये जाऊ नये म्हणून.

गळती पाहायला जोडांवर पातळ चुन्याचा हात दिला. उदबत्तीचा धूर इथे निरुपयोगी, पंख्याच्या हवेनं तो कुठेही जातो. चुन्यावर काजळीची रेघ लगेच दिसते. मॅनिफोल्ड पांढराच राहिला. डोनटपाशी पहिल्या मिनिटात करडी छटा, नंतर वाढली नाही.

१४ जून

रात्रभर गार झाल्यावर नट पुन्हा १८ वर. बाहेरचे दोन जवळजवळ अष्टमांश फेरा फिरले. ग्रॅफाइट बसतंच. पुन्हा चालवून, गार करून तपासलं तेव्हा एकही हलला नाही. गरम असताना कधीही आवळायचं नाही. ॲल्युमिनियम फुगलेलं असतं, आकडा खोटा येतो.

आयडलवर मॅनिफोल्ड खऱ्या कामाइतका तापत नाही. त्यामुळे शेवटचं आवळणं गुलमर्गलाच.

१७ जून

परत पाठवायची बांधाबांध. कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे केले. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पावसाळ्यात पाणी ओढतं आणि जेटांवर पांढरा थर बसवतं. प्लगच्या भोकातून फॉगिंग ऑइल (आतले भाग गंजू नयेत म्हणून फवारायचं), एक्झॉस्टचं तोंड बंद, क्रेटमध्ये सिलिका जेल.

सोबत चिठ्ठी, तिकडच्या मेकॅनिकसाठी:

इंजिन प्लेटसकट आधी बसवा, दोन क्लचची रेघ जुळवा, प्लेटचे बोल्ट पक्के करा. एक्झॉस्ट त्यानंतर, इंजिनची जागा ठरल्याशिवाय पाईपची ठरत नाही. सायलेन्सरची रबरं ढिली ठेवून पाईप लटकवा, जोड बसू द्या, मग रबरं, शेवटी स्प्रिंगा. पाईप हुडपासून आणि वायरिंगपासून किमान १० मिमी लांब. ऑइल पंपाची हवा काढा, आणि ती निघेपर्यंत टाकीत मिक्स पेट्रोलच. जेट तुमचेच आहेत, बदललेले नाहीत.

पहिल्या दोन तासांच्या चालण्यानंतर रात्रभर गार करून मॅनिफोल्डचे नट १८ न्यूटन-मीटरवर तपासा. क्लच बाजूच्या पोर्टच्या खालच्या कडेचा फोटो पाठवा, पुसायच्या आधी.